वाकलेला दांडा

मराठीत ‘कर्णधार’ हा शब्द क्रिकेटच्या मैदानावर आणि संस्थांच्या अहवालांत इतका रुळून गेला आहे, की त्यातील कर्णाचा संबंध नौकेच्या सुकाणूशी आहे हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. संस्कृतात कर्ण म्हणजे सुकाणूही. ते हाती धरणारा तो कर्णधार. ‘सुकाणू’ हा शब्द अरबीतला, दर्यावर्दी लोकांच्या तोंडून आलेला. पाण्यावरच्या वाहनासाठी भाषेजवळ असे दोन दोन शब्द असताना जमिनीवरच्या वाहनासाठी मात्र तिला शब्द घडवावा लागला नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. बैलगाडीला सुकाणू नसते. दोन चाकांची ती गाडी बैलांच्या माना वळतील तिकडे वळते. तिची दिशा कासऱ्यात असते, आणि कासऱ्याइतकीच बैलांच्या शहाणपणात. मोटार आली तेव्हा ‘स्टिअरिंग’ हा शब्द तिच्याबरोबरच आला आणि गॅरेजांच्या वाटेने खेड्यापाड्यांत पोचला. त्याच्या मागोमाग आणखी एक शब्द आला : ‘प्ले’. स्टिअरिंगला प्ले आलाय, असे मिस्त्री म्हणतो तेव्हा चालकाचा हात आणि रस्त्यावरची चाके या दोहोंच्या मध्ये कुठेतरी काही हरवते आहे, असे त्याला सांगायचे असते. हात फिरतो, आणि दोन-तीन बोटांच्या अंतरापर्यंत गाडीला त्याचा पत्ताच नसतो.

पाटण तालुक्याच्या पश्चिमेला, कोयनेच्या खोऱ्यावर उभ्या असलेल्या डोंगरांत अशी एक जीप तीस वर्षे धावली. ती एका डॉक्टरांची होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला, त्यानंतर मदतपथकाबरोबर आलेल्या तरुण डॉक्टरांपैकी ते एक. पथक परत गेले, ते राहिले. प्रथम पायी, मग मोटारसायकलने आणि १९७८ पासून जीपने त्यांनी सड्यांवरच्या वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्या दगडाचे उघडे पठार. पावसाळ्यात त्यावर फुलांचे गालिचे पसरतात, आणि उन्हाळ्यात त्याच दगडाच्या धारा टायर कापतात. तेथवर जाणारा रस्ता त्या काळी रस्ता म्हणावा असा नव्हता. बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि त्यांच्यामध्ये डोके वर काढून बसलेले धोंडे, एवढेच त्याचे स्वरूप होते.

जीप सरकारी खात्याने निर्लेखित करून लिलावात काढलेली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या, आणि युद्ध संपल्यावर विलीजने हेच वाहन शेतकऱ्यांपुढे व सर्वेक्षकांपुढे ठेवले. मुंबईत महिंद्रांनी १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू केली. विलीजने १९५३ मध्ये काढलेली, उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ पुढे भारतात इतकी पसरली, की धरणाचा ओव्हरसिअर, तालुक्याचा तहसीलदार आणि निवडणुकीतला उमेदवार यांचे चित्र त्या जीपवाचून पुरे होईना. डॉक्टरांची जीप त्याच जातीची होती. पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर अवघे ऐंशी इंच, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड आस आणि पोलादी पाटे. अशा आखूड गाडीत चालकाच्या हाताची प्रत्येक चूक मोठी होऊन रस्त्यावर उतरते.

त्या हातापासून चाकापर्यंतची वाट एकदा नीट पाहण्यासारखी आहे. स्टिअरिंगच्या दांड्याच्या तळाशी, चासीला बोल्टांनी आवळलेली एक ओतीव पेटी असते. तिच्या आत मळसूत्रासारखी खाच असलेला एक भाग फिरतो, आणि त्या खाचेत तरफेच्या दोन खुंट्या अडकलेल्या असतात. हाताचे फिरणे इथे तरफेचे पुढे-मागे हलणे होते. ते हलणे ड्रॅग लिंक नावाचा दांडा पुढे घेऊन जातो आणि समोर मधोमध बसवलेल्या बेलक्रँकला देतो. जुन्या वाड्यांत नोकरांना बोलावण्याच्या घंटांच्या तारा कोपऱ्यात वळवण्यासाठी जी तरफ वापरीत, तिचेच नाव या भागाला मिळाले आहे. पुढे-मागे येणाऱ्या ओढीला ती आडवे वळण देते. बेलक्रँकपासून डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन टाय रॉड निघतात व दोन्ही चाकांच्या भुजांना जाऊन मिळतात. त्या भुजा किंचित तिरप्या असतात, म्हणून वळणावर आतले चाक बाहेरच्यापेक्षा थोडे अधिक वळते आणि कोणतेही चाक फरफटत नाही. ही युक्ती जीपच्या पुष्कळ आधीची, घोडागाडीच्या काळातील आहे. म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याने ती काढली आणि लंडनमध्ये रूडॉल्फ आकरमन याने १८१८ साली तिचे पेटंट घेतले. जगाने नाव पेटंट घेणाऱ्याचेच लक्षात ठेवले.

एवढ्या वाटेवर ड्रॅग लिंकचे दोन सांधे, बेलक्रँकची खीळ आणि टाय रॉडांचे चार सांधे, म्हणजे सात जागा झाल्या. पेटी आणि चाकांचे किंगपिन वेगळेच. प्रत्येक जागी केसाएवढी झीज धरली, तरी तिची बेरीज स्टिअरिंगवर दोन-तीन बोटे होते. ती आणखी वाढली, की ठरावीक वेगाला एखाद्या खड्ड्याचे निमित्त होऊन पुढची दोन्ही चाके डावी-उजवीकडे थडथडू लागतात. चालकाने कितीही घट्ट धरले तरी ते थांबत नाही. वेग पुरेसा उतरेपर्यंत गाडी त्याची नसते.

डॉक्टरांच्या मुलाने हे थडथडणे लहानपणापासून पाहिले होते. पण त्याच्या मनात घर करून राहिली ती १९८३ च्या पावसाळ्याअखेरची एक रात्र. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि हट्टाने वडिलांबरोबर गेला होता. सड्यावरच्या एका वाडीतून अडलेल्या बाईला खाली आणायचे होते. मागच्या बाकावर ती बाई, तिची सासू आणि नवरा. पुढे डॉक्टर आणि मुलगा. उतारावर चाकोरीतला एक धोंडा खालून लागला. मोठा आवाज झाला आणि जीपचे एक चाक एकीकडे व दुसरे दुसरीकडे पाहू लागले. टाय रॉड वाकला होता. डॉक्टरांनी बॅटरी मुलाच्या हातात दिली, स्वतः चिखलात पाठ टेकली, सांध्याच्या नटातली पिन काढली, भुजेच्या डोळ्यावर बाजूने हातोडीचे घाव घालून तिच्यात रुतलेला निमुळता खिळा मोकळा केला आणि रॉड बाहेर काढला. दोन दगडांवर तो आडवा ठेवून बाईच्या नवऱ्याने एक टोक दाबून धरले व डॉक्टरांनी तो ठोकून ठोकून सरळ केला. रॉडच्या एका टोकाचे आटे उजवे आणि दुसऱ्याचे डावे असतात. त्यामुळे नुसता मधला पाइप फिरवला की त्याची लांबी कमी-अधिक होते. डॉक्टरांनी डोळ्यांच्या अंदाजाने चाके समोर केली. पहाटे जीप कराडला पोचली. बाई वाचली, मूलही वाचले.

गावाने या रात्रीची आख्यायिका केली. मुलाने मात्र तिच्यातून निराळेच काही उचलले. बॅटरीच्या उजेडात त्याला वडिलांचे हात थरथरताना दिसले होते. अशा रस्त्यावर, अशा प्रसंगी, बोटाने वाकावा असा दांडा गाडीला लावून फिरणारा माणूस निष्काळजी असला पाहिजे, हा निष्कर्ष त्याने त्या वयात काढला आणि तो पुढे कोणालाही बोलून दाखवला नाही. मुले आईवडिलांवर असे खटले चालवतात. त्यांत आरोपीला नोटीस जात नाही, आणि निकाल कधी फिरवला जात नाही. मुलगा अभियंता झाला, पुण्यात स्थिरावला. डॉक्टर २००९ मध्ये गेले. त्यानंतर सात वर्षे जीप पडवीत ताडपत्रीखाली उभी होती.

२०१६ साली त्याने ती पुण्यातल्या एका कार्यशाळेत नेली. इंजिन, ब्रेक, पत्रा, सगळेच व्हायचे होते. पण त्याचा खरा रोख स्टिअरिंगवर होता. जे वाकले होते ते पुन्हा कधी वाकता कामा नये. मूळच्या ६.००-१६ मापाच्या अरुंद टायरांच्या जागी रुंद आणि उंच टायर आले. ते जीपच्या अंगाला घासू नयेत म्हणून पाटे उंच झाले. मोठी चाके हाताला जड जातात म्हणून जुनी पेटी काढून नव्या गाडीची पॉवर स्टिअरिंगची पेटी बसवली. बेलक्रँक आणि दोन टाय रॉड ही जोडणीच रद्द करून चाकापासून चाकापर्यंत एकच जाडजूड, भक्कम दांडा घातला. शिवाय थडथड जिरवण्यासाठी एक आडवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर. मुलाने दांड्याचे गणित स्वतः केले होते. लांब दांड्यावर दोन्ही टोकांकडून दाब आला, की तो चिरडण्याच्या कितीतरी आधी बगलेला वाकतो, हे ऑयलरने १७४४ साली दाखवले. भरीव दांड्याचा व्यास दुप्पट केला तर वाकवायला लागणारा दाब सोळापट होतो. या गणितात कोठेही चूक नव्हती.

पुढच्या चैत्रात तो आईला घेऊन सड्यावरच्या जत्रेला निघाला. डॉक्टर असेपर्यंत तिचे जाणे दरवर्षीचे होते; नंतर ते बंद पडले होते. चढणीला अर्ध्या वाटेवर पुढचे चाक एका धोंड्यावरून दाणकन उतरले. दांडा हालला नाही. मुलाला समाधान वाटले. थोड्या अंतरावर आईने विचारले, “हा कट् कट् आवाज कसला रे?” त्याला आवाज ऐकू आला नव्हता. पुढच्या वळणावर त्याने स्टिअरिंग फिरवले. ते सहज, लोण्यासारखे फिरले, आणि जीप सरळच दरीच्या अंगाला निघाली. चढण होती आणि पहिला गिअर होता, म्हणून ब्रेक दाबताच गाडी थांबली. उजव्या चाकापुढे दीड हात जमीन उरली होती. खाली वाकून पाहिले तेव्हा दांडा जसाच्या तसा होता. पेटी ज्या बोल्टांनी चासीला धरली होती, त्यांच्या भोकांपासून चासीच्या पत्र्याला तडा जाऊन तो उघडला होता. स्टिअरिंग फिरवले की चाकांऐवजी पेटीच फिरत होती.

आई खाली उतरली, बांधावर बसली. बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाली, “यांच्या वेळी निदान दिसायचं तरी, काय झालं ते.”

जीप दोरावर कराडला आली ती डॉक्टरांच्या जुन्या मिस्त्रीकडे. पंचाहत्तरीचा तो माणूस आता स्वतः फारसे काम करीत नव्हता; काम त्याचा नातू करी आणि हा खुर्चीवर बसून बघे. त्याने जीपला एक फेरी मारली, जाड दांड्यावर पाना वाजवून पाहिला आणि तड्यातून बोट फिरवले. मुलाने झाला प्रकार सांगितला आणि १९८३ च्या रात्रीचाही उल्लेख केला. मिस्त्री म्हणाला, “अवो दादा, रॉड वाकला म्हणून तर तुम्ही समदे त्या रात्री घरी आला. तो वाकला नसता, तर तो दणका पुढं कुणाला तरी खावाच लागला असता.”

एवढे बोलून त्याने जे सांगितले, ते पुस्तकांतही सापडते. पण पुस्तकात ते एका वाक्यात असते आणि वाचणारा पुढे जातो. धोंड्याचा तडाखा कोठेही नाहीसा होत नाही. तो सांध्यासांध्यांतून मागे सरकत जातो आणि साखळीतली सर्वांत अशक्त जागा गाठतो. एक जागा बळकट केली की अशक्तपणा नष्ट होत नाही. त्याचा मुक्काम हलतो. टाय रॉड जाड केला, तेव्हा तो भुजेवर, सांध्यावर, पेटीवर आणि शेवटी चासीवर गेला. मोठ्या टायरांनी त्या तडाख्याला लांब तरफ दिली. उंच केलेल्या पाट्यांनी दांड्यांचे कोन बिघडवले, त्यामुळे चाक खड्ड्यात उतरले की स्टिअरिंगला हात न लावता गाडी थोडी वळू लागली. पॉवर स्टिअरिंगने हा सगळा भार हाताला कळू दिला नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बरने थडथड दाबली. पण ती ज्या झिजेमुळे येत होती, ती किंगपिनमधली झीज होती तिथेच राहिली. प्रत्येक सुधारणेने आपल्यापुरता प्रश्न सोडवला आणि तो शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवला.

मग प्रश्न एवढाच उरतो, की अशक्त जागा कोठे असावी. मिस्त्रीच्या लेखी याचे उत्तर ठरलेले होते. ती जिथे डोळ्यांना दिसेल, जिथे हात पोचेल आणि जिथे रस्त्याकडेला हातोडीने काम भागेल, तिथे असावी. मऊ पोलादाचा पाइप वाकतो, आणि वाकला की चाके वेडीवाकडी होऊन गाडी ओरडून सांगते. चासीचा तडा मातीखाली, ग्रीसखाली गुपचूप वाढतो. कडक केलेले पोलाद तर काही न सांगता एकदम तुटते. म्हणून जे तुटल्यावर गाडी हाताबाहेर जाते, ते सर्वांत बळकट. आणि जे वाकल्यावर गाडी नुसती थांबते, ते त्याच्याहून थोडे कमी. बळकटी ही अशी उतरंडीने द्यायची असते. सगळेच सारखे बळकट केलेले वाहन कोठे मोडेल, हे कोणालाच सांगता येत नाही.

काम तीन आठवडे चालले. त्याचा क्रमही शिकण्यासारखा होता, कारण त्यात नव्या वस्तू सर्वांत शेवटी आल्या. पहिले दोन दिवस नुसते पाहण्यात गेले : नातवाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचे; हालचाल कोठे शिरते आणि कोठे हरवते, ते बोटाला कळते. मग किंगपिनचे बेअरिंग बदलून खालच्या पातळ चकत्या कमी-अधिक करून ते बसवले गेले. चासीच्या तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडले, कारण तड्याचे अणकुचीदार टोक गोल झाले की त्याची पुढे सरकण्याची ओढ कमी होते. त्यानंतर तडा घासून, वेल्डिंगने भरून दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावल्या. त्यांची टोके निमुळती ठेवली होती. चौकोनी टोकाच्या पट्टीच्या कडेलाच पुढचा तडा जातो, असे मिस्त्रीचे म्हणणे. पेटीच्या बोल्टांच्या भोकांत नळीचे तुकडे घातले, म्हणजे बोल्ट आवळताना चासीचा पोकळ भाग दबू नये. घडीव भुजांना मात्र त्याने वेल्डिंगची ठिणगी लागू दिली नाही. त्या तापवून वाकवल्या की त्यांना कारखान्यात दिलेले पाणी उतरते, आणि पाणी उतरलेल्या भुजेवर विश्वास टाकता येत नाही.

जाड दांडा गेला. पोत्यात बांधून ठेवलेली जुनी पेटी, बेलक्रँक आणि दोन टाय रॉडांची जोडणी परत आली. बेलक्रँकची खीळ व बेअरिंग नवे, सांधे नवे, आणि टाय रॉडांचे पाइप पूर्वीपेक्षा जरासे जाड. किती जाड, यावर मुलाने आणि मिस्त्रीने एक संपूर्ण दुपार घालवली. एकाजवळ ऑयलर होता आणि दुसऱ्याजवळ पन्नास वर्षे. शेवटी ठरलेले माप दोघांच्याही मूळ मापापेक्षा वेगळे होते. टायर पुन्हा अरुंद झाले आणि पाटे मूळच्या उंचीवर आले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाहीत, हे मुलाला ठाऊक होते. आता कायदा आणि मिस्त्री यांचे एकमत झाले.

सगळ्यांत नाजूक काम होते आवळण्याचे. ड्रॅग लिंकच्या टोकाला गोळा आणि त्याला दोन्हीकडून धरणाऱ्या वाट्या असतात, मागे स्प्रिंग आणि तोंडाशी आट्यांचे बूच. बूच पूर्ण आवळायचे आणि मग थोडे मागे सोडून पिन घालायची. मागे सोडले नाही तर गोळा जखडतो, आणि चाक खाली-वर होताना दांडाच वाकू लागतो. पेटीचेही तसेच. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून आतली खाच मधोमध सर्वांत अधिक झिजते. ती मधली झीज पुरती काढण्याच्या नादात स्क्रू जास्त आवळला, तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग छान वाटते आणि वळणावर अडकते. मुलाला स्टिअरिंगचा प्ले शून्य हवा होता. मिस्त्रीने त्याला थोडा ठेवायला लावला. प्ले मुळीच नसेल तर आतले भाग एकमेकांना खातात, एवढेच कारण त्याने दिले.

ही समजूत काही एकट्या कराडची नाही. बंगालच्या उत्तरेला, नेपाळच्या सीमेवरील मानेभंज्यांगपासून ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूपर्यंत एकतीस किलोमीटरचा जो चढ आहे, त्यावर १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर गाड्या या शतकातही प्रवासी वाहत राहिल्या. त्या गाड्यांच्या स्टिअरिंगच्या वाटेवर, चासीच्या पुढच्या आडव्या तुळईत एक उभी नळी असते. तिच्यात तेलात बुडालेली दणकट स्प्रिंग दोन शंकूंना सतत दाबून धरते, आणि त्या घर्षणात रस्त्याचे धक्के हातापर्यंत येण्यापूर्वी जिरतात. स्प्रिंग इतकी जोरकस असते, की ती नळी बेसावधपणे उघडणाऱ्याला जबर इजा होऊ शकते. तिथेही दुरुस्तीचा अर्थ हाच आहे : किती आवळायचे आणि किती सोडायचे, याचा अंदाज एका हातातून दुसऱ्या हातात जाणे.

काम संपत आले तेव्हा मिस्त्रीने नातवाकडून माळ्यावरचे एक पुडके काढवले. त्यात हिशेबाच्या जुन्या वह्या होत्या आणि त्यांत डॉक्टरांची एक लहान वही. ती त्यांनी जीपसाठी ठेवली होती आणि शेवटच्या दुरुस्तीच्या वेळी ती गॅरेजमध्येच राहून गेली होती. औषधांच्या चिठ्ठ्यांवर असे त्याच अक्षरात तिच्यात तारखा होत्या : दर हजार मैलांनी ग्रीस, दर पावसाळ्याआधी बेलक्रँक उघडून पाहिली, सांधे बदलले. तीस वर्षांत एकही पाळी चुकलेली नव्हती. १९८३ च्या ऑक्टोबरात एक नोंद होती. मिस्त्रीने वाचून दाखवण्यापूर्वी सांगितले, की त्या रात्रीनंतर डॉक्टरसाहेबही हेच मागायला आले होते, चांगला जाड दांडा. आणि त्यांच्याशीही एक दुपार अशीच गेली होती. नोंद दोन ओळींची होती. टाय रॉड जाड करू नये असे ठरले, आणि वाकल्यास लगेच बदलता यावा म्हणून एक जादा जोड सतत गाडीत ठेवावा.

मुलगा ती वही बराच वेळ हातात धरून उभा होता. मागच्या बाकाखालच्या पेटीत कापडात गुंडाळलेले काही दांडे नेहमी असत, हे त्याला आठवत होते; ते कशासाठी, हे त्याने कधी विचारले नव्हते. आणि ज्या हातांचे थरथरणे त्याने इतकी वर्षे पुराव्यादाखल जपून ठेवले होते, ते हात तासभर थंड चिखलात होते, हेही त्याला पूर्वी सुचले नव्हते.

त्या जादा जोडाचे पुढे काय झाले ते कोणालाच सांगता आले नाही. पण १९८३ चा रॉड, हातोडीच्या खुणांसकट, डॉक्टरांच्या पडवीत तुळईला अडकवलेला सापडला. मिस्त्रीने तो काचेच्या तुकड्यावर फिरवून पाहिला. तो कधीच पूर्ण सरळ झालेला नव्हता. मध्ये बोटभर जागी अजून प्रकाश दिसत होता. त्याने आटे साफ केले, नवे सांधे बसवले आणि रॉड कापडात गुंडाळून मागच्या बाकाखाली ठेवला. त्याच्याबरोबर नवा जोडही ठेवला. वेळ आलीच तर आधी नवा लावा, असे मुलाला बजावायला तो विसरला नाही.

पुढच्या चैत्रात जीप सड्यावर गेली. अर्ध्या वाटेवर आता डांबर आहे; उरलेल्या वाटेवर धोंडे आहेत तिथेच आहेत. स्टिअरिंग जड लागत होते, आणि चाकाखाली आलेला प्रत्येक दगड हाताला सांगून जात होता. त्या वळणाशी आल्यावर मुलाने गाडी थांबवली, खाली उतरून चासीची पट्टी पाहिली, सांध्यांवर हात फिरवला आणि पिना मोजल्या. आई गाडीतच बसून होती. तो परत येऊन बसला तेव्हा तिने काही विचारले नाही. जत्रेला पोचायला त्यांना नेहमीपेक्षा तासभर उशीर झाला.